कॅमेऱ्याचं सूनमुख

भालकीकरकाकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या आमच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात. काउंटरसमोर उभे राहून, हनुवटी उचलून, ते छताच्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होते. मग दोन पावलं सरकले आणि पुन्हा बघितलं. मग काउंटरच्या आत शिरून, गोळ्या काढून देणाऱ्या बाईंना उठवून, त्यांच्या स्टुलावर बसले आणि तिथून बघितलं. दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, पाल हाय का वर?"

"पाल नाही, तुम्ही हाव," काका म्हणाले. "उद्यापासून तुम्हीच बसणार त्या कोपऱ्यात, दिवसभर. ह्या बाईला खालून कसं वाटंल ते बघायलोय."

ते दुकानांना, हॉटेलांना, छोट्या कारखान्यांना पहाऱ्याचे कॅमेरे बसवून द्यायचे. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांची खोली होती. पाटीवर 'भालकीकर फोटो स्टुडिओ' तसंच ठेवून खाली नव्या रंगात 'सीसीटीव्ही' एवढंच लिहून घेतलं होतं. त्याआधी सगळं आयुष्य त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले होते. अर्ध्या नल्लकुंट्याची हनुवटी त्यांनी खालीवर केली होती. मोबाइल आले, स्टुडिओ बसला, तेव्हा त्यांनी पडदा गुंडाळला आणि शिडी विकत आणली. "चेहऱ्याचंच काम हाय," ते म्हणायचे. "आधी माणूस माझ्यापुढं यायचा, आता मी माणसावर जाऊन बसतो."

माझं आणि त्यांचं जमण्याचं काही कारण नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली. आमच्या घरात कपाट उघडलं की कपड्यांआधी पत्रकांचे गठ्ठे अंगावर पडायचे. बाबा युनियनचे, मला अक्षरओळख झाली ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर. कॅमेरा म्हणजे मालकाचा न मिटणारा डोळा, हे मला पाठ होतं, आणि तसं पत्रकही मी लिहिलं होतं. एक प्रत मुद्दाम काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा बदलला, उभ्यानं सगळं वाचलं, मागची बाजू कोरी आहे ना तेही पाहिलं.

"'नजरकैद' शब्द चांगला हाय," ते म्हणाले. "पण कोणता कॅमेरा ते लिहिलं नाहीस."

"सगळेच."

"सगळे सारखे असतात?"

"मालक सगळे सारखेच असतात की."

"हौ, मग पत्रक बरोबर हाय," असं म्हणून ते हसले आणि मला आत बसवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'पत्रकवाली' ठेवलं.

आत टेबलावर चार कॅमेरे मांडलेले होते. त्यांनी ते पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे दाखवले. लांब नळकांड्याचा बुलेट कॅमेरा उचलून म्हणाले, "हा कॉन्स्टेबल. लांबून दिसतो, दिसण्याचाच पगार घेतो. ह्याला गेटावर उभा करायचा." अर्ध्या वाटीसारख्या काळ्या काचेच्या डोम कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. "हा पाहुणा आलेला भाऊजी. गप बसतो, पण कुणाकडं बघायलाय ते कळू देत नाही. दुकानात चालतो, पण ह्याच्याखाली काम करणाऱ्याला आधी सांगावं लागतं." तिसरा मान फिरवणारा होता, दूरचं जवळ आणणारा. "हे बडे साब. एकीकडं बघायले की बाकी सगळ्यांकडं पाठ. लोक हाच मागतात, आणि चोर नेमका पाठीमागून जातो." चौथा छताच्या मधोमध लावायचा, माशाच्या डोळ्यासारखा फुगीर. "हा गावचा म्हातारा. सगळं बघतो, ओळखत कुणाला नाही. गर्दी कुठं झाली ते सांगंल, कुणी केली ते नाही."

मी विचारलं, "आणि खोटे कॅमेरे? नुसती टरफलं विकतात ती?"

त्यांचा चेहरा बदलला. "ते मी ठेवत नाही. खोटा कॅमेरा चोराला आठ दिवसांत कळतो. कामगाराला जन्मभर कळत नाही. म्हणजे भ्यायला कोण राहिलं?"

त्यांच्यावर चिडावं अशा गोष्टीही पुष्कळ होत्या. सकाळी येतो म्हणाले की दुपारी यायचे. एका कॅमेऱ्याला जागा शोधायला अख्खा दिवस घालवायचे, कारण आधी जागा 'चालून बघायची' असायची: गिऱ्हाइकासारखी, कामगारासारखी, मग चोरासारखी. चोरासारखं चालताना ते खरोखरच संशयास्पद दिसत. सगळा जन्म हैदराबादेत जाऊनही तेलुगू मोडकंतोडकं बोलायचे आणि कुणी दुरुस्त केलं तर रुसायचे. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, म्हणायच्या, "जगाचे चेहरे नीट लावतात, घरात येताना चप्पल उलटी काढतात."

पण एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. काम पूर्ण झालं की ते मालकाला सांगून सगळ्यांना बोलवायचे: विक्रेते, हमाल, झाडणाऱ्या बाया, सगळे. कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा टेबलावर सगळ्यांकडे तोंड करून ठेवायचे आणि एकेकाला नावानं पुढे बोलावून त्याचा त्याला चेहरा दाखवायचे. आपल्या लग्नात सासू आरशात नव्या सुनेचं तोंड बघते, ते सूनमुख. काका याला तेच नाव द्यायचे. मुसलमान कारागीर असले तर 'मुँहदिखाई' म्हणायचे. लोक लाजायचे, केस सारखे करायचे, कुणी हात हलवून पडद्यातला हात हलतो का बघायचे. मग काका खिशातून खडू काढून जमिनीवर रेघ मारायचे. "कॅमेरा इथपर्यंत बघतो. ह्याच्या पलीकडं तुम्हाला कुणी बघत नाही. पाय दुखले तर पलीकडं जाऊन बसा."

मालकांना ती रेघ आवडायची नाही. एकानं विचारलंच, "रेघ दाखवली तर कॅमेरा कशाला लावला?"

"चोरासाठी लावला ना? मग चोराला भिऊ द्या. ह्यांना कशाला?" काका म्हणाले. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "स्टुडिओत फोटो काढला की आधी ज्याचा त्याला दाखवायचो. न दाखवता ठेवून घेतलेला फोटो म्हणजे चोरी. कॅमेरा मोठा झाला म्हणून चोरी लहान होते का?"

नामपल्ली स्टेशनाजवळच्या एका टिफिन हॉटेलातली गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. काकांना भेटायला म्हणून गेले होते. मालकाला भटारखान्याच्या मागच्या बोळकांडीवर कॅमेरा हवा होता. तिथं वाढपी जेवायचे. "खातात किती, बसतात किती, कळायला पाहिजे," तो हिंदीत म्हणाला. काकांनी वाद घातला नाही. कॅमेरा तात्पुरता लावला, पडदा गल्ल्यापाशी मालकासमोर ठेवला, आणि स्वतःचा डबा घेऊन बोळकांडीत पालथ्या डब्यावर जाऊन बसले.

पडद्यावर काका जेवू लागले. पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, चावला. घास घशात अडकला, पाणी प्यायले. मिशीला लागलेलं बोटानं पुसलं. मालक थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं नजर गिऱ्हाइकांकडे वळवली, मग परत पडद्याकडे, आणि शेवटी पडद्यावर हातातलं फडकंच टाकलं.

काका हात धुऊन आले. "कायकू ढांक दिये साब? मैं तो अभी दही खाया नहीं."

"देखा नहीं जाता," मालक पुटपुटला.

"मेरा एक दिन का नहीं देखा गया. उनका रोज देखेंगे?"

कॅमेरा मागच्या दारावर गेला, जिथून खरोखर सिलिंडर चोरीला जात होते. मी परत येताना काकांना म्हटलं, की हा मालक शरमला, पुढचा शरमणार नाही. माणसाच्या शरमेवर कायदा उभा राहत नसतो. ते म्हणाले, "कायदा तू आण की. तोवर मी डबा घेऊन जातो."

हा आमचा कायमचा वाद होता. मी म्हणायची, विश्वास नाही म्हणून कॅमेरा येतो. ते म्हणायचे, "कॅमेरा नव्हता तेव्हा विश्वास होता? संशयच होता. आणि संशयाचं रेकॉर्डिंग नसतं, मागं नेऊन पुन्हा बघता येत नाही." मला हे पटायचं नाही. आजही पूर्ण पटत नाही. पण यादम्माचं प्रकरण झालं आणि आम्हा दोघांनाही आपापल्या वाक्यांची किंमत कळली.

कुकटपल्लीत विजेच्या मोटारींच्या कॉइली वळणारं एक छोटं युनिट होतं. तिथं बायका तांब्याची तार वळायच्या. मी त्यांच्यासाठी पत्रकं लिहायची, कॅमेरे काकांनी बसवले होते. एक दिवस तिथल्या यादम्मा अक्कांचा फोन आला. पन्नाशीची बाई, एरवी फोनवर ओरडून बोलणारी. त्या दिवशी आवाज इतका खाली की मला दोनदा विचारावं लागलं. तारेचं एक रीळ गायब होतं. सुपरवायझर रोज पाचला गोदामातली रिळं मोजायचा. त्या दिवशी पाचला सगळी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी एक कमी. आणि कॅमेऱ्यात यादम्मा पाच वाजून दहा मिनिटांनी खांद्याला पिशवी लावून गोदामात शिरताना आणि बाहेर येताना दिसत होत्या. मालकाच्या भाच्यानं तेवढाच तुकडा मोबाइलवर घेऊन सगळ्यांना दाखवला होता. फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यादम्मांनी स्वतःहून काम सोडलं नाही, तर पोलिसांत देणार होते.

"मी मोजदादीच्या आधी गेले होते," त्या तेलुगूत पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "रिकामी रिळं ठेवायला. पण माझं कोण ऐकणार, कॅमेऱ्यात वेळ लिहिलीय."

मी तणतणत काकांच्या खोलीत गेले. "बघा तुमचा कॅमेरा," म्हणाले. "सूनमुख दाखवलं, रेघ मारली, आणि शेवटी बाईच्या गळ्यातच आला ना."

मला आलेला तो तुकडा त्यांनी माझ्या फोनवर एकदा बघितला. "हा तुकडा हाय," म्हणाले. "तुकडा बघून माणूस ठरवायचा नाही. उद्या सकाळी जाऊ." दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, ते सांगितलेल्या वेळेच्या आधी तयार होते.

युनिटमध्ये मालक, भाचा, सुपरवायझर ऑफिसात होते. यादम्मा दाराबाहेर उभ्या होत्या. आत या म्हणायला कुणी तयार नव्हतं. काकांनी रेकॉर्डर चालू केला आणि कुठल्याही कामावर गेले की पहिल्यांदा करायचे तेच केलं: पडद्याच्या कोपऱ्यातली चालू वेळ आणि स्वतःच्या मनगटावरची वेळ शेजारी शेजारी धरली.

पडद्यावर अकरा पंचवीस झाले होते. मनगटावर अकरा दहा.

त्यांनी मनगट कानाला लावलं. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग माझा फोन मागून घेतला. सगळीकडे अकरा दहा. ते रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये शिरले, आणि तिथं थांबले. त्या यंत्रात आपला देश घड्याळाच्या वेळेनुसार लावलेल्या यादीतून निवडावा लागतो. भारताच्या ओळीखाली लगेच नेपाळची ओळ असते, आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे. काकांचं बोट बसवताना एक ओळ खाली पडलं होतं. त्या दिवशी त्यांनी वेळ हातानं लावली, म्हणून चूक दिसली नाही. पुढे भाच्यानं मोबाइलवर बघता यावं म्हणून यंत्राला इंटरनेट जोडलं, आणि यंत्रानं प्रामाणिकपणे स्वतःला काठमांडूच्या वेळेवर नेऊन ठेवलं.

म्हणजे यादम्मा गोदामात शिरल्या तेव्हा पाचला पाच कमी होते. मोजदाद त्यानंतर झाली होती, आणि मोजदादीत सगळी रिळं होती. आरोप तिथंच संपत होता.

भाचा पटकन म्हणाला, "इंटरनेट जोडल्यानं घड्याळ बिघडलं का?" त्याला वाटलं आपल्यावर येणार. काकांना ती वाट मोकळी होती. त्यांनी ती घेतली नाही.

"नाही बाबा. ओळ मी दाबली," ते म्हणाले. मग मालकाकडे वळून, "सबको बुलाइए. जैसे पहले दिन बुलाए थे."

मालक कुरकुरला. इथल्या इथं मिटवू, बाईला कामावर घेतो, सगळ्यांना कशाला. "भालकीकर साब, आप हैं किसके तरफ?"

"तोहमत सबके सामने लगी ना? तो सबके सामने निकलेगी." काका खुर्चीवरून उठलेच नाहीत. शेवटी मशिनं बंद झाली आणि बायका येऊन दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. यादम्मांना काकांनी हाताला धरून नव्हे, हात जोडून आत आणलं. पडद्यावरची वेळ दाखवली, मनगटावरची दाखवली, एकेकीला पुढे बोलावून दोन्ही वाचायला लावल्या. आणि मग त्यांच्या त्या मोडक्या तेलुगूत, ज्यावर ते कुणाला हसू देत नसत, म्हणाले, "तप्पु नादी." चूक माझी.

कुणी हसलं नाही. एक तरुण बाई फक्त म्हणाली, "मोठ्यानं म्हणा सार, मागं ऐकू आलं नाही." ते पुन्हा मोठ्यानं म्हणाले.

तेव्हा सुपरवायझर घाम पुसत पुढे आला. मोजदाद रोज होतेच असं नाही, तो म्हणाला. घाई असली की कालचाच आकडा लिहितो. रीळ कधी गेलं ते खरं तर त्यालाही माहीत नव्हतं. बायका त्याच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात काका मध्ये उभे राहिले. "आता ह्याला चोर करू नका. तो चुकला, मी पण चुकलो." रीळ कुठे गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. यादम्मा त्या दिवशी दुपारी आपल्या मशिनवर बसल्या.

मी परतीच्या बसमध्येच पत्रक लिहून काढलं. चांगलं जळजळीत झालं होतं: मालकाची घाई, भाच्याचा मोबाइल, पोलिसांची धमकी, यंत्राच्या नावाखाली गरिबाला चोर ठरवण्याची रीत. छापायच्या आधी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"माझं नाव कुठाय?"

"काका, तुम्ही तर सोडवलं तिला."

"अडकवलं पण मीच. मालकाची चूक मालकाच्या नावानं लिही, माझी माझ्या नावानं. नाहीतर तुझं पत्रकपण तुकडाच की, त्या भाच्याच्या मोबाइलासारखा."

मी रागानं घरी आले. रात्रभर नाही, पण बराच वेळ चडफडले. मग त्यांचं नाव घातलं. पत्रकांच्या घरात वाढलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आपल्या बाजूच्या माणसाची चूक छापल्यानं पत्रक कमजोर होत नाही. बायकांनी ते वाचलं आणि दोन मागण्या स्वतः जोडल्या. कुणावर आरोप आला तर तुकडा नाही, पूर्ण तास बघायचा. आणि बघताना कामगारांपैकी दोघी बसल्या पाहिजेत. मालकानं महिनाभर टाळलं, मग मान्य केलं. मी याला क्रांती म्हणत नाही. पण ही दोन वाक्यं आज त्या युनिटच्या भिंतीवर काचेत लावलेली आहेत, आणि ती कुठल्याही कायद्यानं आणून दिलेली नाहीत.

काका आता हैदराबादेत नाहीत. गुडघ्यांनी शिडी सोडायला लावली आणि ते सुमनकाकूंना घेऊन लेकीकडे नांदेडला गेले. फोन करतात, तिथल्या दुकानदारांना फुकट सल्ले देतात असं काकू सांगतात. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते जाण्याआधी, कुकटपल्लीतच पाहिलेले.

युनिटच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंत एक अरुंद गल्ली आहे. संध्याकाळी सुटल्यावर बायकांना तिथं टवाळांचा त्रास व्हायचा. यादम्मांनी काकांना फोन केला. आम्हाला कॅमेरा पाहिजे, म्हणाल्या. आत नको, बाहेर, या गल्लीवर. मालकाकडून आम्ही कबूल करून घेतलंय. मी गेले तेव्हा ऊन कलत होतं. काका शिडीवर चढून फाटकाच्या खांबावर बुलेट कॅमेरा बसवत होते, तोंडात दोन स्क्रू धरलेले. खाली बायका घोळका करून एका फोनवर चित्र बघत होत्या. यादम्मा गल्लीत पुढे, विजेच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, जिथं ती पोरं उभी राहायची बरोबर त्याच जागी.

"दिसले का मी?" त्यांनी तेलुगूत ओरडून विचारलं.

"डोकं दिसतं, पाय नाही," घोळक्यातून उत्तर आलं.

"सार, अजून खाली."

काकांनी कॅमेरा खाली वळवला.

"जास्त झालं. आता डोकं गेलं."

काकांनी वर वळवला. स्क्रू तोंडात असल्यानं त्यांना काही बोलता येत नव्हतं. नुसती मान हलवत होते. यादम्मा दोन पावलं सरकल्या, पुन्हा विचारलं. मग पलीकडच्या भिंतीशी गेल्या, पुन्हा विचारलं. शेवटी वरून तोंडातले स्क्रू हातात घेऊन काका म्हणाले, "अम्मा, आता कसू का?"

"आगंडी," यादम्मा म्हणाल्या. थांबा. आणि पदर खोचून त्या गल्लीच्या पार टोकापर्यंत चालत गेल्या, तिथून वळल्या, आणि संध्याकाळी कामावरून सुटलेल्या बाईच्या चालीनं सावकाश परत येऊ लागल्या. काका शिडीवर एका हातानं कॅमेरा धरून, दुसऱ्या हातात स्क्रू घेऊन, त्या येईपर्यंत थांबून राहिले.